उद्यानातील नेचे

फुले, फळे व बीजे नसलेल्या, परंतु मूळ, खोड, पान आणि पाण्याची ने-आण करणारे वाहिनीयुक्त ऊतक असलेल्या वनस्पतींपैकी नेचे हा सर्वांत मोठा गट होय. जगात नेच्यांच्या सु. १०,५०० जाती असून भारतात त्यांपैकी सु. एक हजार आढळतात. बहुतेक जाती दमट व सावलीच्या अरण्यांत, ओढ्याकाठी, झाडांच्या बुंध्यांवर किंवा खडकांच्या फटींत वाढतात. पृथ्वीवर नेचे सु. ३६ कोटी वर्षांपासून आहेत. शोभेसाठी त्यांची मुद्दाम लागवड करण्याची प्रथा मात्र जेमतेम दोन शतकांची आहे.

थंड हवेच्या देशांत काचगृहाच्या आसऱ्याशिवाय उघड्या बागेत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या रानातील नेच्यांना ‘काटक नेचे’ म्हणतात. नर नेचा, स्त्री नेचा, शाही नेचा व शहामृगपिच्छ नेचा ही त्यांची परिचित उदाहरणे होत. इंग्रजी बागकामाच्या ग्रंथांतून ही संज्ञा भारतात आली. तिच्यातील काटकपणा हिमतुषाराच्या संदर्भातला आहे. हिवाळ्यात पाने झडून गेली, तरी जमिनीतील मूलक्षोड (जमिनीत आडवे वाढणारे खोड) गोठून मरत नाही व वसंतात त्यातून नवी पाने फुटतात, ती जात तेथे काटक ठरते. सोलापूरसारख्या दख्खनच्या कोरड्या भागात हिमतुषाराचे भय नसते. तेथे नेच्याचा शत्रू म्हणजे उन्हाळ्यातील शुष्क व तप्त हवा. म्हणून विलायती काटक नेचे तेथे नाजूक ठरतात आणि जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत उगवणारा, कोणी न लावलेला नेचा काटक ठरतो. हा भेद लक्षात येण्यापूर्वी नेच्यांच्या लागवडीला बराच प्रवास करावा लागला.

प्राचीन कल्पना : फूल येत नाही, बी दिसत नाही, तरीही नेच्यांची संख्या वाढत राहते, हे कोडे पूर्वीच्या लोकांना उलगडत नव्हते. नेच्याचे बी अदृश्य असते व ते ज्याच्या हाती लागेल, तोही अदृश्य होतो, अशी समजूत यूरोपात अनेक शतके रूढ होती. शेक्सपिअर यांच्या चौथा हेन्री या नाटकाच्या पहिल्या भागात तिचा उल्लेख आहे. ग्रीक ग्रंथकार थीओफ्रॅस्टस व डायॉस्कोरिडीझ यांना नेचे औषधी म्हणून माहीत होते. नर नेच्याचे मूलक्षोड पट्टकृमींवर देत असत. ज्याच्या पानांवर पाणी ठरत नाही, त्या नेच्याला ग्रीकांनी ‘न भिजणारा’ या अर्थाचे नाव दिले. त्यावरूनच ॲडिअँटम हे प्रजातीचे शास्त्रीय नाव आले.

भारतातही नेच्यांची ओळख प्रथम औषधी म्हणून झाली. आयुर्वेदीय निघंटूंत हंसपदी व मयूरशिखा ही नावे येतात. हंसपदी म्हणजे मराठीतील हंसराज. मयूरशिखेची पंख्यासारखी विभागलेली पाने मोराच्या तुऱ्याची आठवण करून देतात. बागेत मात्र नेच्यांना स्थान नव्हते. भारतीय बागेची कल्पना फुले, सुवास, फळे व सावली यांभोवती उभी राहिली. देवपूजेला फुले व पत्री लागते. गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत एकही नेचा नाही. त्यामुळे नेचा ही वैद्याला ठाऊक असलेली, परंतु माळ्याने दुर्लक्षिलेली वनस्पती राहिली.

बीजुकांचा शोध : नेच्याच्या पानाच्या मागील बाजूस तपकिरी ठिपक्यांच्या किंवा रेषांच्या स्वरूपात बीजुककोशांचे पुंज असतात व त्यांतून धुळीसारखी सूक्ष्म बीजुके बाहेर पडतात. जमेका बेटावरील शल्यचिकित्सक जॉन लिंडसे यांनी ही धूळ ओल्या मातीवर पेरली आणि तिच्यातून नेचे उगवतात, हे पाहिले. त्यांचा वृत्तांत लंडनच्या लिनीअन सोसायटीने १७९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर क्यू येथील शाही उद्यानात जॉन स्मिथ यांनी बीजुकांपासून अनेक जातींची रोपे तयार केली व तेथील नेच्यांच्या संग्रहाला मोठे स्वरूप दिले.

बीजुकापासून थेट नेचा का उगवत नाही, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. बीजुक रुजल्यावर प्रथम एक लहान, चपटे, बहुधा हृदयाकृती हिरवे पटल तयार होते. त्यास पूर्वकायक म्हणतात. त्याच्यावरील रेतुकाशयांचा शोध कार्ल नेगेली यांनी १८४४ मध्ये लावला. १८४८ मध्ये लेश्चिट्स-सुमिन्स्की यांनी स्त्री-जननेंद्रिये व फलन यांचे वर्णन केले आणि १८५१ मध्ये व्हिल्हेल्म होफमाइस्टर यांनी पिढ्यांच्या एकांतरणाची (आळीपाळीने येण्याची) सर्वसाधारण मांडणी केली. पूर्वकायकावरील रेतुके पोहत जाऊन अंदुकाशी संयोग पावतात व त्यासाठी पाण्याचा पातळ थर आवश्यक असतो. या एका गोष्टीमुळे नेच्याची नवी पिढी ओलाव्याशी कायमची बांधली गेली आहे. पूर्ण वाढलेला नेचा काही काळ कोरडेपणा सोसू शकतो, पण त्याचा जन्म ओलाव्यावाचून होत नाही.

वॉर्डची पेटी : नेच्यांच्या लागवडीतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल अनपेक्षितपणे पडले. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागातील वैद्य होते. कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या अंगणात लावलेले नेचे मरत असत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह काचेच्या बाटलीत ठेवून तिचे तोंड झाकले. पतंगाची वाट पाहत असता त्या मातीतून एक नेचा व एक गवत उगवल्याचे त्यांना दिसले. दिवसा मातीतील पाण्याची वाफ होई, ती काचेवर थिजे व पुन्हा मातीत उतरे. वरून पाणी न घालताही ती रोपे सु. चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजून पावसाचे पाणी आत शिरले, तेव्हाच ती कुजली.

यावरून वॉर्ड यांनी काचेच्या बंदिस्त पेट्या तयार केल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्यांतून नेचे व इतर वनस्पती जहाजाने सिडनीस पाठविण्यात आल्या व बहुतेक जिवंत पोहोचल्या. परतीच्या प्रवासात त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियातील नाजूक नेचे इंग्लंडला आले. वॉर्ड यांचा यासंबंधीचा ग्रंथ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच पेट्यांच्या साहाय्याने रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८–५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी भारतात आणली. लागवडीच्या दृष्टीने वॉर्ड यांच्या निरीक्षणाचे सार थोडक्यात असे : नेच्याला पुष्कळ पाणी ओतावे लागत नाही, मिळालेले पाणी त्याच्या भोवतालच्या हवेतून निसटू द्यायचे नाही. कोरड्या प्रदेशातील बागाइताला आजही हेच सूत्र उपयोगी पडते.

नेच्यांचे वेड : १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाल्याने काच स्वस्त झाली. रेल्वेमुळे शहरातील माणसे सुटीच्या दिवशी दऱ्याखोऱ्यांत जाऊ लागली. एडवर्ड न्यूमन यांचा ब्रिटिश नेच्यांवरील ग्रंथ १८४० मध्ये आणि टॉमस मूर यांचा, प्रत्यक्ष पानांच्या ठशांवरून छापलेला, भव्य ग्रंथ १८५५ मध्ये निघाला. त्याच वर्षी चार्ल्स किंग्झली यांनी या छंदाला ‘टेरिडोमेनिया’ म्हणजे नेच्यांचे वेड असे नाव दिले. बागेच्या सावलीच्या कोपऱ्यात दगडांची रचना करून किंवा झाडांचे जुने बुंधे उलटे रोवून त्यांच्या सांदीत काटक नेचे लावण्याची पद्धत रूढ झाली. शर्ली हिबर्ड यांच्या १८६९ मधील ग्रंथाने सामान्य गृहस्थाला ही कला सोप्या भाषेत शिकविली. पानांच्या कडा कातरलेले, टोके तुऱ्यासारखी झालेले असे विचित्र प्रकार शोधून काढण्याची चढाओढ लागली. या छंदातील जाणकारांनी १८९१ मध्ये केंडल येथे ब्रिटिश टेरिडॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली.

या वेडाची दुसरी बाजू खेदजनक आहे. दुर्मिळ नेचे टोपल्या भरभरून उपटून बाजारात विकले गेले. आयर्लंडमधील किलार्नी नेचा हा दमट कड्यांवर वाढणारा, पारदर्शक पानांचा नेचा कित्येक जागांवरून नाहीसा झाला. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. रानातून आणलेली बहुसंख्य रोपे शहरातील दिवाणखान्यांत थोड्याच काळात मेली. ज्या परिसराने नेच्याला जगविले, तो परिसर बरोबर आणता येत नाही, हे पुष्कळ नासाडीनंतर ध्यानात आले.

भारतातील अध्ययन : भारतातील नेच्यांचे पद्धतशीर वर्णन करण्याचे श्रेय मुख्यतः रिचर्ड हेन्री बेडोम (१८३०–१९११) यांना जाते. मद्रासच्या सैन्यातून वनखात्यात आलेल्या या अधिकाऱ्याने दक्षिण भारतातील नेच्यांवर १८६० च्या दशकात सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये निघालेले त्यांचे ब्रिटिश हिंदुस्थान, श्रीलंका व मलाया येथील नेच्यांचे मार्गदर्शक पुस्तक दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. मुंबई इलाख्यातील नेच्यांची माहिती ईथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) व जे. एफ्. द’आल्मेडा यांनी १९२२ मध्ये द फर्न्स ऑफ बाँबे या ग्रंथात एकत्र केली. ब्लॅटर हे स्विस जेझुइट धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयात वनस्पतिविज्ञानाचे अध्यापक होते व तेथील वनस्पतिसंग्रहालयाला त्यांचे नाव दिलेले आहे. पुढे पुणे विद्यापीठात त्र्यं. शं. महाबळे यांनी पश्चिम भारतातील नेच्यांच्या अभ्यासाची परंपरा चालविली. १९८३ मध्ये पतियाळा येथे भारतीय नेचे-संस्था (इंडियन फर्न सोसायटी) स्थापन झाली.

बागकामाच्या पुस्तकांतूनही नेचे येऊ लागले. टॉमस फर्मिंजर यांचे बंगाल व उत्तर हिंदुस्थानातील बागकामावरील पुस्तक १८६३ मध्ये निघाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील व गणेशखिंड उद्यानाचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांच्या हिंदुस्थानातील बागकामावरील पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा या थंड हवेच्या ठिकाणी सुटीस जाणाऱ्या यूरोपीय अधिकाऱ्यांना तेथील ओढ्याकाठचे नेचे पाहून स्वदेशाची आठवण होणे स्वाभाविक होते. उदकमंडलम् येथील सरकारी उद्यानात स्वतंत्र नेचेगृह आहे. परंतु ही सर्व ठिकाणे दमट होती. घाटमाथ्यावरची लागवडीची पद्धत पठारावर जशीच्या तशी चालेल, ही अपेक्षा खरी ठरण्यासारखी नव्हती.

सोलापूरचे हवामान : महाबळेश्वरी वर्षाला सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो, तेथून सु. २५० किमी. अंतरावरील सोलापूर जिल्ह्यात तो सु. ५५० मिमी., म्हणजे एकदशांशाहूनही कमी असतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या या जिल्ह्यात जून-जुलैमधील पावसात मोठे खंड पडतात व सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात होतो. मे महिन्यात दिवसाचे तापमान ४०° से. च्या वर जाते व दुपारची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २५ टक्क्यांच्याही खाली उतरते. नेच्याची पाने पातळ असतात व कोवळी पाने उलगडत असताना त्यांतून पाणी झपाट्याने उडते. मुळांना पाणी असले, तरी वरून होणारी हानी भरून निघत नाही. पानांच्या कडा करपतात व मग पान वाळते. म्हणून उन्हाळ्यात कुंडीत वारंवार पाणी ओतणाऱ्या हौशी माणसाचा नेचा पुष्कळदा वरून वाळतो व खालून कुजतो.

आर्द्रतेचे महत्त्व या शहराला दुसऱ्या एका व्यवसायातून परिचित आहे. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली व पुढे गिरण्या, हातमाग व यंत्रमाग यांमुळे हे शहर वस्त्रोद्योगाचे केंद्र बनले. हवा कोरडी झाली, की सूत ठिसूळ होऊन तुटते; म्हणून विणकामाच्या खात्यात हवा दमट ठेवावी लागते. शेतीच्या क्षेत्रातही सोलापूरला हाच प्रश्न सोडवावा लागला. १८७६–७८ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळून निघाला. त्याच दशकात इंग्लंडात नेच्यांचा छंद भरात होता, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच वनस्पतीच्या मागे पाण्याचे किती भिन्न हिशेब असू शकतात, ते कळते. १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, आंतरमशागत व आच्छादन यांद्वारे पडलेला पाऊस जमिनीत जिरविणे व तेथेच राखणे, ही त्याच्या कामाची दिशा होती. नेच्यांच्या बागेलाही याच मार्गाने जावे लागते.

विहिरीतील नेचे : कोरड्या पठारावर नेचे मुळीच नव्हते, असे नाही. चुन्यात बांधलेल्या जुन्या विहिरी, बारवा, तटबंदी व देवळांचे चौथरे यांच्या सांदीत ते पूर्वापार वाढत आले आहेत. पायऱ्यांची विहीर खोल असते. तिच्या तळाकडील भागावर ऊन थोडाच वेळ पडते, वारा आत फिरत नाही आणि पाण्याच्या पृष्ठावरून निघणारी वाफ भिंतींच्या आत कोंडून राहते. वॉर्ड यांनी काचेत जे साधले, ते दगडी विहिरीत आपोआप साधते. करमाळा येथील कमलादेवी मंदिराजवळची ९६ पायऱ्यांची विहीर जिल्ह्यातील या वास्तुप्रकाराची भव्यता दाखविते. दख्खनमधील अशा विहिरींच्या ओलसर चिऱ्यांत सामान्यतः ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस हा काळ्या, चकचकीत देठाचा व नाजूक दलांचा नेचा आढळतो. तो चुना आवडीने सोसतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतही झरे व विहिरींचे काठ हेच त्याचे घर आहे.

विंधन विहिरी व नळाचे पाणी आल्यावर अनेक जुन्या विहिरी वापरातून गेल्या. काही कचऱ्याने बुजल्या, तर काहींच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. गिलाव्यात सांद राहत नाही व सिमेंटाच्या गुळगुळीत पृष्ठावर बीजुक रुजत नाही. विहिरीच्या दुरुस्तीत मोठ्या झाडांची मुळे काढणे आवश्यक असते, कारण वड-पिंपळाची मुळे चिरे फोडतात; लहान नेच्यांच्या तंतुमय मुळांपासून तसा धोका सहसा नसतो. बारवांची साफसफाई करताना हा भेद पाळल्यास त्यांच्याबरोबर हे नैसर्गिक नेचेगृहही वाचते.

पठारास योग्य जाती : मयूरशिखा, शास्त्रीय भाषेत ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा, ही दख्खनमधील खडक व जुन्या भिंतींवरील सर्वांत सोशिक जात होय. कोरड्या दिवसांत तिची पाने आक्रसून मेल्यासारखी दिसतात व पाणी मिळताच पुन्हा उलगडतात. तिला निचऱ्याची, दगडगोट्यांची जागा लागते. सतत ओल राहिल्यास ती मरते. रुपेरी नेचा या जातीच्या पानांची मागील बाजू पांढऱ्या पिठूळ थराने झाकलेली असते व कोरड्या हवेत पाने आत वळतात. टेरिस व्हिटॅटा हा लांब पट्टीसारख्या दलांचा नेचा विटांच्या जुन्या भिंतींवर व गटारांच्या काठी सहज उगवतो. तो मातीतील आर्सेनिक मोठ्या प्रमाणात पानांत साठवितो, असे २००१ मध्ये आढळून आल्यापासून दूषित जमिनीच्या शुद्धीसाठी त्याचा अभ्यास होत आहे.

हंसराज पावसाळ्यात उगवतो, त्याच्या पानांची टोके जमिनीस टेकून तेथे नवी रोपे धरतात आणि पावसाळ्यानंतर पाने वाळून मूलक्षोड जमिनीत विश्रांती घेते. विलायती नेचा हिवाळ्यात जे करतो, ते हंसराज उन्हाळ्यात करतो. बाशिंग या झाडांवर वाढणाऱ्या नेच्याला दोन प्रकारची पाने असतात. बुंध्याला चिकटलेली तपकिरी पाने पालापाचोळा साठवून स्वतःचे खत तयार करतात. लांब हिरवी पाने कोरड्या ऋतूत गळतात. कुंडीसाठी नेफ्रोलेपिस प्रजातीतील नेचे सर्वांत सोपे. त्यांतील बॉस्टन नेचा हा झुबकेदार प्रकार १८९४ मध्ये अमेरिकेत रोपांच्या एका खेपेत प्रथम आढळला व तेथून जगभर पसरला. नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया या जातीच्या मुळांवर पाणी साठविणाऱ्या गाठी असल्याने ती थोडा हलगर्जीपणाही सोसते. नर नेचा, शहामृगपिच्छ नेचा यांसारख्या विलायती काटक जातींना थंडीची विश्रांती व थंड रात्री लागतात. पठारावर त्यांचा मोह न धरणे बरे.

लागवड : घराच्या उत्तरेची किंवा पूर्वेची, दुपारचे ऊन व पश्चिमेचा वारा न लागणारी जागा निवडावी. सकाळचे कोवळे ऊन चालते. सावलीच्या जाळीपेक्षा भिंत किंवा दाट झुडपांचा आडोसा अधिक उपयुक्त असतो, कारण जाळी ऊन अडविते, पण वारा अडवीत नाही. सोलापूरची काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की भेगाळते. तिच्यात नेच्याची बारीक मुळे तुटतात. म्हणून कुजलेला पालापाचोळा दोन भाग, जाडी वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग व गाळाची माती एक भाग असे मिश्रण वापरून तळाशी खापरांचे तुकडे व थोडा लोणारी कोळसा घालावा. मयूरशिखा व रुपेरी नेचा यांसाठी दगडगोट्यांचे प्रमाण वाढवावे. लागवड करताना मूलक्षोड खोल पुरू नये. त्याचा शेंडा मातीच्या पृष्ठाशी राहू द्यावा.

उथळ परातीत किंवा विटांच्या वाफ्यात वाळूचा थर पसरून तो ओला ठेवावा व त्यावर विटा मांडून विटांवर कुंड्या ठेवाव्यात. कुंडीचा तळ पाण्यात बुडत नाही व वाळूतून निघणारी वाफ पानांभोवती राहते. कुंड्या एकमेकींजवळ गटाने ठेवल्यास प्रत्येकीची आर्द्रता दुसरीच्या उपयोगी पडते. रांजण व माठ ठेवण्याची जागा नेच्यांना मानवते, याचेही कारण हेच आहे.

रोपांची विभागणी पुण्या-मुंबईकडे पावसाळ्याच्या आरंभी करतात. सोलापुरात जुलैतील खंडांमुळे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ अधिक सुरक्षित असतो. बीजुकांपासून रोपे करण्यासाठी पिकलेले पान कागदाच्या घडीत एक-दोन दिवस ठेवावे. पडलेली पूड उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या विटेच्या तुकड्यावर किंवा मातीवर भुरभुरून वर काच झाकावी व तळातून ओल द्यावी. काही आठवड्यांत पूर्वकायकांचे हिरवे पटल व काही महिन्यांत खरी पाने दिसू लागतात.

निगा : पाणी सकाळी द्यावे व ते मूलक्षोडाच्या शेंड्यावर साचू देऊ नये. विंधन विहिरींचे क्षारयुक्त पाणी सतत दिल्यास पानांच्या कडा तपकिरी होतात. साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षाररहित असल्याने चालते. जलशुद्धीकरण यंत्रातून टाकून दिलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असल्याने ते नेच्यांना देऊ नये. खत सौम्य व पावसाळ्यातच घालावे. वाळलेली पाने उन्हाळ्यात कापू नयेत, ती मूलक्षोडावर सावली धरतात. पावसाच्या आरंभी काढावीत. पानांच्या मागील तपकिरी ठिपके पाहून रोग समजून ते खरवडून काढण्याची चूक नवशिके करतात. ठिपके ठराविक रांगांत व सारख्या अंतरावर असल्यास ते बीजुककोशांचे पुंज होत. वाटेल तसे विखुरलेले व देठांवरही आढळणारे असल्यास ते खवले कीटक असण्याचा संभव असतो. खवले कीटक व पिठ्या ढेकूण ओल्या कापसाने पुसून काढावेत. नेच्यांची पाने तीव्र कीटकनाशकांनी करपतात. पावसाळ्यात गोगलगायी रात्री कोवळे कोंब खातात. त्या हाताने वेचाव्यात.

संरक्षण : घाटातील सहलीवरून परतताना उपटून आणलेला नेचा पठारावर बहुधा पहिला उन्हाळा पाहत नाही आणि घाटातील त्याची जागा मात्र रिकामी होते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये व माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक क्षेत्रांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अभयारण्यातून वनस्पती काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने प्रतिबंध आहे. सायथिएसी कुलातील वृक्षासारख्या नेच्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. रोपवाटिकेतील किंवा बीजुकांपासून घरी वाढविलेले रोपच लावणे हा यावरचा सोपा उपाय होय.

टंचाईच्या वर्षी जेथे पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागते, त्या जिल्ह्यात शोभेच्या वनस्पतीवर पाणी खर्चावे काय, हा प्रश्न रास्त आहे. परक्या दमट अरण्यातील नेचे जगविण्याचा हट्ट धरल्यास त्याचे उत्तर नकारार्थीच येईल. मयूरशिखा, रुपेरी नेचा व हंसराज हे पठाराचे रहिवासी मात्र उन्हाळ्यात पाणी मागत नाहीत. ते पाने मिटून किंवा टाकून पावसाची वाट पाहतात. त्यांना उन्हाळ्यात वाळू देणे हीच त्यांची निगा होय, आणि सप्टेंबरच्या पावसात ते पुन्हा हिरवे होतात.